केपलरची उधारी आणि माझा टेप

चावी भिंतीवरच्या लोखंडी डबीत होती आणि डबी काही उघडत नव्हती. रात्रीचे नऊ वाजायला आले होते. मे महिना, त्यामुळे उजेड अजून पुरता गेला नव्हता, आणि आम्ही दोघं बॅगा घेऊन रेगेन्सबुर्गच्या एका अरुंद गल्लीत दाराशी उभे. हॉटेलचं रिसेप्शन आठला बंद होतं हे लेकीनं आधीच बजावलं होतं. पण म्युनिकहून दीड तासात पोचवणारी गाडी नेमकी त्या दिवशी वाटेत पाऊण तास उभी राहिली.

"अहो, द्या इकडे, मी बघते."

"अगं, चारही आकडे बरोबर लावलेत. डबीच बिघडलीय."

शेवटी लेकीला फोन लावला. "आई, आकडे लावून झाले की बाजूचा काळा खटका खाली ओढायचा. बाबांना सांग, नुसते आकडे बघून ती उघडत नाही." खटका ओढला, डबी उघडली. यांनी माझ्याकडे बघितलंच नाही, बॅगा उचलून सरळ जिना चढायला लागले.

लेक म्युनिकला नोकरी करते. त्या आठवड्यात तिला कामातून डोकं वर काढायला फुरसत नव्हती. तीच म्हणाली, तुम्ही दोघं तीन रात्री रेगेन्सबुर्गला जाऊन या, गाव चालत बघून होतं, महायुद्धात बाकीच्या शहरांसारखं जमीनदोस्त झालं नाही, जुनी वस्ती २००६ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. यांना एवढं पुरेसं नव्हतं. हे शाळेत विज्ञान शिकवायचे, म्हणून तिनं शेवटी ठेवणीतलं सांगितलं: बाबा, ग्रहांच्या वाटा शोधणारा तुमचा केपलर तिथे वारला. झालं, तिकिटं निघाली.

माझं म्हणाल तर मी एकतीस वर्षं बायकांचे ब्लाउज शिवले. दुकान गेल्या वर्षी बंद केलं, पण टेप अजून पर्समध्ये असतो. सुईदोरापण. चष्म्यासारखंच झालंय ते, घरातून निघताना चाचपून बघते.

हॉटेल म्हणजे जुन्या व्यापाऱ्याचं घर. लिफ्ट नाही. खोलीपर्यंत एकसष्ट पायऱ्या, मी तिन्ही दिवस मोजल्या, एकदाही कमी भरल्या नाहीत. खोली मात्र पाहताक्षणी आवडली. छताला काळ्या लाकडाच्या तुळया, भिंत इतकी जाड की खिडकीच्या कट्ट्यावर मांडी घालून बसता येईल. पलंग डबल, पण त्यावर गाद्या दोन, मध्ये सरळ फट, आणि पांघरुणंही दोन, प्रत्येकाच्या बाजूला वेगवेगळी घडी घालून ठेवलेली. लेकीनं नंतर सांगितलं की त्या फटीला जर्मनमध्ये खास शब्द आहे, 'बेझूखररित्झं', म्हणजे पाहुण्याची फट. हे म्हणाले, पाहुण्याला फटीत झोपवणारे लोक! पण खरं सांगू, पांघरूण स्वतंत्र ही व्यवस्था मला फार पटली. लग्नाच्या चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदा रात्रभर पाय उघडे पडले नाहीत.

खिडकीनं मात्र घाबरवलं. हँडल आडवं केलं की ती दारासारखी आत उघडते. मी ते आणखी वर फिरवलं, तर अख्खी खिडकी वरून माझ्या अंगावर कलली. मी किंचाळले, दोन्ही हातांनी काच धरून उभी राहिले. हे बाथरूममधून तोंडात ब्रश घेऊन धावत आले. आम्ही दोघांनी मिळून ती खिडकी निदान पाच मिनिटं तोलून धरली, मग यांच्या लक्षात आलं की ती पडत नाहीये, ती तशीच असते. वरून फट ठेवून हवा यावी म्हणून. इथल्या घरोघरी तशाच खिडक्या आहेत.

त्या फटीतून हवा आली आणि घंटाही आल्या. जवळच्या चर्चचं घड्याळ रात्रभर टोल देत होतं. दीडच्या सुमाराला मी झोपेचा नाद सोडला आणि उठून बसले. तेव्हा दिसलं, पडद्याची खालची दुमड हातभर उसवली होती आणि दोरा लोंबत होता. आता हे दिसल्यावर मला झोप लागणं शक्यच नव्हतं. सुईदोरा काढला, बाथरूमचा दिवा लावून दार अर्धवट उघडं ठेवलं आणि खाली फरशीवर बसून तुरपाई घातली. जाड सुती कापड, चांगल्या पोताचं. मूळ शिवण मशीनची होती, टाके लांब होते, म्हणूनच उसवली. माझे बारीक टाके उलट बाजूनं बघितले तरच दिसले असते.

सकाळी नाश्त्याला तळघरासारख्या कमानीच्या खोलीत गेलो. पन्नाशीच्या एक बाई सगळं बघत होत्या, "ग्र्यूस गॉट" म्हणून स्वागत करत होत्या. बव्हेरियात नमस्कार असाच घालतात, त्यात देवाचं नाव आहे, म्हणजे आपल्या रामरामाच्या घरातलाच. गोल कडक पाव, चीज, जॅम, आणि उकडलेली अंडी. प्रत्येक अंडं छोट्या पेल्यात उभं आणि त्याच्या डोक्यावर कापडाची टोपी, गार होऊ नये म्हणून! टोपीला आत पातळ कापूस, बाहेर चौकड्यांचं कापड, वर शेंडीला लूप. मी अंडं खायच्या आधी टोपी उलटी करून शिवण बघितली. हे म्हणाले, "अगं, निदान इथे तरी..."

मग पूल. पुलासाठीच लोक इथे येतात. डॅन्यूब नदीवरचा दगडी पूल, ११३५ ला सुरू केला आणि ११४६ ला पुरा केला. अकरा वर्षं, यंत्राशिवाय. तीनशे मीटरहून लांब, मूळच्या सोळा कमानी, त्यातली एक आता काठाच्या बांधकामात गडप झाली आहे. एप्रिल १९४५ मध्ये माघार घेताना जर्मन सैन्यानंच त्याचे काही खांब उडवले होते, ते नंतर परत बांधले. आता त्यावर गाड्या जात नाहीत, माणसं आणि सायकली फक्त. खाली पाणी खांबांमधून असं उसळत जातं की पुलावर उभं राहून बोलताना आवाज चढवावा लागतो.

पुलाच्या मध्यावर एक दगडी उघडा माणूस छोट्या छपरावर बसलाय, डोळ्यांवर हात धरून कॅथेड्रलकडे बघतोय. त्याची गोष्ट अशी: पूल बांधणारा आणि कॅथेड्रल बांधणारा यांची पैज लागली, आधी कोण पुरं करतो. पूलवाल्यानं सैतानाची मदत घेतली, बदल्यात पुलावरून जाणारे पहिले तीन जीव द्यायचे कबूल केलं. पूल आधी झाला. मग यानं माणसं न सोडता कोंबडा, कोंबडी आणि कुत्रा सोडले. सैतान असा चिडला की त्यानं खालून पूल ढकलला, म्हणून तो मध्ये उंच आहे! हे लगेच म्हणाले, पण कॅथेड्रलचं काम पूल होऊन शंभर वर्षं उलटल्यावर सुरू झालं, पैज लागेल कशी? मी म्हटलं, गोष्ट सांगणाऱ्याला तारखा विचारायच्या नसतात.

पुलाच्या शहराकडच्या टोकाला नदीला चिकटून जुनं सॉसेजचं दुकान आहे. कोळशाच्या धुरानं आसमंत भरलेला, भिंतीवर पुराचं पाणी कुठवर चढलं होतं त्याच्या खुणा. यांनी सहा सॉसेजेस आणि आंबवलेला कोबी घेतला. मी मांस खात नाही, मी खारा वळणदार ब्रेत्झेल आणि गोडसर मोहरी घेतली, आणि यांच्या ताटलीकडे न बघता पाण्याकडे बघत बसले. रात्री मात्र माझी चंगळ झाली. मे म्हणजे इथे पांढऱ्या शतावरीचा हंगाम, सगळ्या हॉटेलांच्या पाट्यांवर तेच. अंगठ्याएवढ्या जाड पांढऱ्या कांड्या उकडून वर लोण्याचं पिवळं सॉस, बाजूला बटाटे. जून संपायच्या आत हंगाम आटपतो, म्हणून लोक रोज खाऊन घेतात. आंब्याचे दिवस आठवले.

पण मला जी गोष्ट सांगायचीय ती जुन्या टाउन हॉलची आहे.

याच इमारतीत १६६३ पासून १८०६ पर्यंत पवित्र रोमन साम्राज्याची संसद भरत होती. सुरू झाली ती उठलीच नाही, म्हणून तिचं नाव 'कायमची संसद'. आत मार्गदर्शकाबरोबरच जाता येतं, दुपारी इंग्रजीतून फेरी असते. सभागृहात लाकडी छत, आणि बसायच्या जागा अशा की सम्राटाचं आसन सगळ्यात वर, मग पायरी-पायरीनं बाकीचे खाली, शहरांचे प्रतिनिधी अगदी जमिनीला. मार्गदर्शक मुलीनं सांगितलं, जर्मनमध्ये काम लांबणीवर टाकलं की 'लांब बाकावर सरकवलं' म्हणतात, ते इथूनच आलं असं रेगेन्सबुर्गचे लोक मानतात. कागद ठेवायची पेटी म्हणजेच बाक, त्यात गेलेला अर्ज परत दिसायचा नाही. आमचे हे एवढे मोठ्यानं हसले की सगळे वळून बघायला लागले. निवृत्तीच्या कागदांपायी यांनी दीड वर्ष हेलपाटे घातले होते, त्याची आठवण. खाली तळघरात छळ करून जबान्या घ्यायची खोली आहे, अवजारांसकट. हे गेले. मी वरच्या दारात थांबले.

आणि थांबले म्हणून मला ते दिसलं. दरवाजाच्या कमानीजवळ भिंतीत लोखंडाच्या तीन पट्ट्या ठोकलेल्या होत्या, जुन्या लिपीत काहीतरी लिहिलेलं. एक आखूड, एक मध्यम, एक चांगली लांब. माझ्या पोटात असं लककन हललं, कारण वाचता येत नसूनही मला कळलं की हे काय आहे. फोनवर फोटो काढून लेकीला पाठवला. तिचं उत्तर आलं: शहराचा शू, शहराची एल, शहराचा क्लाफ्टर. पाऊल, हात आणि वाव, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होते तेवढी लांबी!

एल म्हणजे कापड मोजायचा हात. प्रत्येक शहराची एल वेगळी, बाजारात व्यापाऱ्यानं कमी मापलं अशी शंका आली की गिऱ्हाइकानं कापड घेऊन इथे यायचं आणि सगळ्यांसमोर या पट्टीला लावून बघायचं. मी तिथे उभी राहून माझा हात पसरला, नाकापासून बोटांपर्यंत, आम्ही दुकानात घाईत मापायचो तसा. पर्समधला टेप हातात आलाच होता.

"अगं, काय करतेस?" हे तळघरातून वर आले होते. "पोलीस येतील."

"मोजते. लोखंडाला काय होणार आहे?"

"सहाशे वर्षांचं असेल ते."

"मग तर बघायलाच हवं, झिजलंय का ते."

टेप त्यांनी काढून घेतला आणि स्वतःच्या खिशात ठेवला. मी नुसता हात लावून बघितलं. एल आपल्या वारापेक्षा आखूड आहे. रेगेन्सबुर्गच्या बाईनं माझ्याकडे कापड आणून दिलं असतं तर पहिल्याच दिवशी भांडण झालं असतं.

तिथून चार पावलांवर केपलरची गल्ली. त्याच्याच नावाची, आणि ज्या घरात तो वारला ते घर तिथेच आहे. आम्ही बाहेरूनच बघितलं. यांनी रस्त्यात उभं राहून मला सगळा पाठ दिला, ग्रह गोल नाही तर लंबवर्तुळात फिरतात वगैरे. चौतीस वर्षांत तो मी चार-पाच वेळा ऐकला आहे. पण या खेपेला त्यांनी एक नवीन सांगितलं. केपलर इथे आला कशाला? उधारी वसूल करायला! तो सम्राटाचा गणिती होता, तीन सम्राट झाले, आणि पगार पहिल्या सम्राटाच्या, रुडॉल्फच्या काळापासून थकत थकत बारा हजार गुल्डन नाण्यांच्या घरात गेला होता. १६३० च्या शरद ऋतूत सम्राट आणि मोठे मोठे राजे रेगेन्सबुर्गला जमले होते, तेव्हा हा गडी सागान गावाहून घोड्यावरून निघाला. इतक्या थंडीत. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पोचला, तापानं आजारी पडला आणि १५ नोव्हेंबरला गेला. पैसे मिळालेच नाहीत. वय अठ्ठावन्न.

मी पण अठ्ठावन्न.

माझ्या दुकानाच्या शेवटच्या वहीत साडेअकरा हजार रुपये यायचे बाकी आहेत, त्यातले निम्मे एकाच घरचे. त्या घरी मी तीनदा गेले. तिसऱ्यांदा बाईनं चहा दिला आणि मी पैशांचं न काढताच परत आले. आकाश मोजणाऱ्या माणसाचीही तीच कथा, फक्त आकडा मोठा. त्याचं थडगंही उरलं नाही. गावकोसाबाहेर पुरला होता, आणि दोन-चार वर्षांत युद्धात ती स्मशानभूमीच उद्ध्वस्त झाली. दगडावर कोरायच्या ओळी त्यानं स्वतः लॅटिनमध्ये करून ठेवल्या होत्या, त्या तेवढ्या शिल्लक आहेत. "आभाळं मोजत होतो, आता भुईच्या सावल्या मोजतो." हे भाषांतर यांचं आहे, आणि माझ्या मते बरं जमलंय.

दुसऱ्या दिवशी रविवार. सगळं बंद, दुकानं म्हणाल तर औषधालाही उघडी नाहीत. दहा वाजता कॅथेड्रलमध्ये मुलांचं गाणं ऐकलं. या गायकवृंदाची परंपरा ९७५ सालापासून सांगतात आणि लोक त्यांना कॅथेड्रलच्या चिमण्या म्हणतात. आत अंधार, उंच रंगीत काचा, भलामोठा ऑर्गन चक्क पोलादी दोरांवर हवेत टांगलेला. आणि एका खांबापाशी हसणारा देवदूत, सातशे वर्षांहून जुना, समोरच्या खांबावरच्या मेरीला निरोप सांगतोय. दात दिसेपर्यंत हसतोय. देवळातल्या मूर्तीला एवढं मोकळं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

बाहेर आलो तर रस्त्यात घोळक्यानं डिर्न्डल घातलेल्या मुली. गावाची मे महिन्यातली जत्रा चालू होती, तिकडे निघाल्या होत्या. आता माझी पाळी. हे चर्चचे मनोरे बघत होते, मी चोळ्या. अंगाला घट्ट बसलेली चोळी, पुढे हुक किंवा नाडी, खाली कमरेला बारीक चुण्यांचा घेर, वर एप्रन. एप्रनची गाठ डावीकडे असली तर मुलगी मोकळी, उजवीकडे असली तर तिचं जमलंय. एका बंद दुकानाच्या काचेत आत उलटा करून टांगलेला एक होता, तिथे नाक लावून बघितलं: शिवणीत कापड चांगलं दोन बोटं सोडलेलं. म्हणजे अंग वाढलं की सोडवता येतं. जिनं तो बेतला तिला बायका कळत होत्या. किंमत ४८९ युरो. चुण्या हातानं घातल्या असतील तर महाग नाही, मशीनच्या असतील तर लूट आहे, आणि काचेतून तेवढं नक्की कळेना.

दुपारी बोटीनं वालहालाला गेलो, नदीकाठच्या टेकडीवर राजा लुडविगनं १८४२ मध्ये उघडलेलं ग्रीक देवळासारखं मोठं प्रकरण, आत थोर जर्मनांचे पुतळे. पायऱ्या ३५८. हॉटेलच्या एकसष्ट मोजून माझे गुडघे बोलायला लागले होते, मी खाली बाकावर बसले. हे वर जाऊन केपलरचा पुतळा बघून आले आणि म्हणाले, नाक जरा मोठं केलंय.

संध्याकाळी नॉयफारप्लात्सवर. मोठा चौक, त्यात पांढऱ्या दगडी रंगाचं बुटकं बांधकाम, खांबांच्या बैठका, पायऱ्या. मुलं त्यावर उड्या मारत होती, एक बाई आइस्क्रीम खात बसली होती. मीही बसले. मग पाटी वाचली. इथे ज्यूंची वस्ती होती. १५१९ मध्ये त्यांना हाकलून दिलं आणि त्यांचं प्रार्थनास्थळ, सिनेगॉग, पाडलं. १९९५ नंतरच्या खोदकामात पाया सापडला आणि त्याचाच नकाशा दानी काराव्हान या शिल्पकारानं पांढऱ्या काँक्रीटमध्ये उभा केला. मी उठावं की बसून राहावं ते कळेना. हे म्हणाले, बस, बसण्यासाठीच केलंय.

सोमवारी सकाळी बिल द्यायला गेलो तेव्हा त्या बाईंनी मोडक्या इंग्रजीत विचारलं, "पडदा तुम्ही?" साफसफाईच्या मुलीला दिसला होता. मला वाटलं, रागावतात की काय, परक्याच्या वस्तूला हात लावला म्हणून. त्यांनी फोनवर फोटो दाखवला, उलट्या बाजूचा, माझ्या टाक्यांचा. आणि बिलातून एका नाश्त्याचे पैसे कमी करायला निघाल्या. मी नको म्हटलं, त्या ऐकेनात, हे मध्ये पडले तरी ऐकेनात. शेवटी मी अंड्याच्या टोपीकडे बोट दाखवलं. त्या आत गेल्या आणि दोन आणल्या, एक निळ्या चौकडीची, एक लाल. त्यांच्या आईनं शिवलेल्या होत्या.

स्टेशनकडे जाताना बागेत केपलरचं स्मारक लागतं. खांबांचं छोटं गोल देऊळ, १८०८ चं, जिथे स्मशानभूमी होती त्याच्या आसपास. अकरा वाजत आले होते, ऊन स्वच्छ पडलं होतं, गाडीला पस्तीस मिनिटं होती. हे टोपी काढून जरा वेळ उभे राहिले.

"टेप द्या," मी म्हटलं.

"आता इथे काय मोजतेस?"

"हलू नका."

टेपचं एक टोक त्यांच्या बुटाखाली सरकवलं, दुसरं घेऊन वाकत वाकत त्यांच्या डोक्याच्या सावलीपर्यंत गेले. त्रेपन्न इंच. एक सायकलवाला थांबून बघत होता. यांनी विचारलं, किती? मी सांगितलं. ते म्हणाले, परत बघ, मघाशी मी जरा वाकलो होतो.